तंबू, तिकीट आणि पीकपाणी

फिरत्या कलेचे भवितव्य ज्या एका लहानशा खिडकीपाशी ठरते, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. तमाशाच्या बोर्डावर काय घडले, कोण कसे गायिले, कोणाच्या ढोलकीला रसिकांनी कशी दाद दिली, याची वर्णने पुष्कळ झाली. परंतु त्या रात्री तिकिटे किती खपली, खर्च वजा जाता फडाच्या पेटीत काय शिल्लक राहिले, आणि जे राहिले नाही ते कोणत्या सावकाराच्या ओटीवर बसून कर्जाऊ आणावे लागले, हा जमाखर्च मात्र फडमालकाच्या वहीत मिटून पडला. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेस काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेल्या तीर्थपुरीसारख्या गावी तंबूचा तमाशा उतरतो, एके वर्षी कनातीत लोक मावत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी तोच फड, तेच कलावंत आणि तोच वग असूनही निम्मा तंबू रिकामा राहतो, तेव्हा गावकरी सहजपणे म्हणून जातात की तमाशाचे दिवस आता सरले. हा निकाल फार घाईचा आहे, आणि तो फिरलाच पाहिजे म्हणून नव्हे, तर तो पुराव्यावाचून दिलेला आहे म्हणून, त्याची फेरतपासणी करणे अवश्य आहे.

लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर असलेल्या कलावंतांचीही तिकिटे पडून राहतात, याचा जगातील बहुधा सर्वांत ठळक दाखला इंग्लंडातील ‘बीटल्स’ या चौघा तरुणांच्या रॉक वाद्यवृंदाचा आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्क शहरातील शे स्टेडियमवर त्यांचे गाणे ऐकण्यास सुमारे ५५,६०० श्रोते लोटले, आणि बेसबॉलच्या खेळासाठी बांधलेले मैदान हे गाण्याच्या जलशाचेही स्थान होऊ शकते, ही गोष्ट त्या एका रात्रीने व्यवसायातील मंडळींच्या मनावर कायमची ठसवली. परंतु पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९६६ रोजी, तेच चौघे त्याच मैदानावर परतले तेव्हा सुमारे ११,००० जागा विकल्या गेल्या नाहीत. आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर, जेथे ४२,५०० माणसांची सोय होती तेथे, तिकिटे खपली ती सुमारे २५,०००. कराराप्रमाणे एकूण उत्पन्नातील ६५ टक्के रक्कम वाद्यवृंदाची, तिकीटविक्रीतील १५ टक्के शहराच्या कारभाऱ्यांची आणि वर ५० तिकिटे त्यांना विनामूल्य, अशी वाटणी आधीच ठरून गेली असल्यामुळे, कलावंतांच्या पदरी त्यांचे मानधन पडले, शहराच्या तिजोरीत तिचा हिस्सा जमा झाला, आणि रिकाम्या खुर्च्यांचा सगळा तोटा आयोजक मंडळीच्या माथी आला.

याच ऑगस्ट महिन्यात त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता आणि तो त्यांच्या श्रेष्ठ कृतींत आजही गणला जातो. तेव्हा प्रतिभा आटली म्हणून खुर्च्या रिकाम्या राहिल्या, असे कोणासही म्हणता येणार नाही. कारणे निराळी होती, आणि ती एकेकटी पाहता किरकोळ वाटावीत अशी होती. पहिल्या वर्षी जे अपूर्व होते ते दुसऱ्या वर्षी परिचित झाले होते. श्रोत्यांच्या आरडाओरड्यात त्या काळच्या तोकड्या ध्वनिक्षेपकांतून गाण्याचे शब्दही कानी पडत नसत, हा अनुभव पहिल्या दौऱ्याहून परतलेल्यांनी इतरांस सांगितला होता. त्यांच्यापैकी जॉन लेनन याच्या धर्मविषयक उद्गारांवरून अमेरिकेत त्या उन्हाळ्यात मोठे काहूर उठले होते. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, नाटकगृह चार वेळा भरून वाहील एवढा लोकसमुदाय एका मैदानात मात्र विरळ दिसतो, ही साधी गोष्ट जागा ठरविणाऱ्यांनी पुरती ध्यानी घेतली नव्हती. पंचवीस हजार श्रोते ही कोणत्याही गायकाला भूषणावह अशी संख्या होय; बेचाळीस हजारांच्या जागेत मात्र तिला अपयशाचे रूप आले. त्यानंतर त्या चौघांनी तिकीट लावून पुन्हा कधी दौरा केला नाही.

हे असे का होते, हे समजण्यासाठी प्रयोग ही कोणत्या जातीची वस्तू आहे याचा विचार करावा लागतो. कापूस आज विकला गेला नाही तर वखारीत ठेवता येतो आणि भाव चढल्यावर काढता येतो. प्रयोगातील जागा मात्र खेळ सुरू होताच कायमची निरुपयोगी होते, आणि काल रिकामी राहिलेली जागा आज दुप्पट दराने विकून भरपाई करण्याची सोय नसते. शिवाय खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. तंबूत दहा माणसे असोत की हजार, विजेचे जनित्र तेवढेच इंधन जाळते, वादकांचा पगार तेवढाच पडतो, आणि मालमोटारींचे भाडेही तेवढेच द्यावे लागते. समजावून घेण्यापुरते असे धरू की एखाद्या फडाचा एका रात्रीचा सर्व खर्च ६०,००० रुपये आहे, तिकीट ८० रुपयांचे आहे आणि तंबूत १,००० माणसे बसतात. मग ७५० तिकिटे खपेपर्यंत फड केवळ आपला खर्च भरून काढत असतो. तंबू भरला तर २०,००० रुपये सुटतात. पाचशेच माणसे आली तर तेवढेच गमावले जातात, म्हणजे एका वाईट रात्रीने एक पूर्ण भरलेली रात्र पुसली जाते. आणि अवकाळी पाऊस येऊन खेळच उभा राहिला नाही, तर ती एक रात्र भरून काढण्यास लागोपाठ तीन रात्री तंबू गच्च भरावा लागतो. लोक येत नाहीत म्हणून तिकीट ५० रुपयांवर आणावे असे कोणी सुचविले, तर नुसता खर्च निघण्यासाठीच १,२०० माणसे लागतील, आणि तेवढी त्या तंबूत मावणारही नाहीत. दर उतरविणे हा उपाय वरवर जेवढा सोपा दिसतो तेवढा तो नाही, हे या त्रैराशिकावरून उघड होईल.

आता ज्या फडाचा हा हिशेब, तो फड म्हणजे केवढा संसार असतो ते पाहिले पाहिजे. तंबू लावून तिकिटावर खेळ करणाऱ्या मोठ्या ढोलकीफडात शंभर-सव्वाशे माणसे सहज असतात: सरदार, सोंगाड्या, नृत्य करणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्याची साथ करणारे झीलकरी, अलीकडच्या काळात त्यात मिळालेले कीबोर्ड आणि ड्रम वाजवणारे, आणि त्यांच्याइतकेच अगत्याचे असे बिगारी, आचारी, चालक, तंबू ठोकणारे आणि तिकीटबारीवर बसणारे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात असलेले नारायणगाव हे या मंडळींचे मुख्य ठाणे. लोक त्याला तमाशाची पंढरी म्हणतात ते योग्यच आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि अक्षय तृतीया, फार तर बुद्ध पौर्णिमा, येईपर्यंत मुलूख पालथा घालतात. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न शून्य असते. परंतु कलावंतांनी पुढच्या हंगामासाठी आपल्याच फडात राहावे म्हणून त्यांना याच महिन्यांत उचल द्यावी लागते, आणि ही उचल देण्यासाठी मालक बहुधा सावकाराकडून कर्ज काढतो. म्हणजे पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच फडाच्या डोक्यावर व्याज चालू झालेले असते. आणि तिकीटविक्री मंदावली की, ज्या संस्थेस गंगाजळी असती तर दोन महिने सहज कळ काढता आली असती, ती संस्था दोन आठवड्यांतच मेटाकुटीस येते.

फडाच्या उत्पन्नाचे मार्ग दोन. पहिला सुपारीचा: गावच्या यात्रेची पंचमंडळी चैत्राच्या तोंडावर नारायणगावास येतात, तेथे प्रत्येक फडाची राहुटी उभारलेली असते, गुढीपाडव्याच्या सुमारास बोलणी होतात, इसार दिला जातो, तारीख ठरते आणि करार लिहून होतो. या व्यवहारात खेळ गावाला मोफत असतो; वर्गणी गोळा करून रक्कम देण्याची जबाबदारी गावाची असते, आणि प्रेक्षक किती येतील ही चिंता फडाची राहत नाही. दुसरा मार्ग तिकिटाचा: फड आपल्या जबाबदारीवर गावात उतरतो, जागेचे भाडे भरतो, परवाना काढतो, तंबू ठोकतो आणि रात्री जो गल्ला जमेल तो आपला मानतो. कँडलस्टिक पार्कवर कलावंत आणि आयोजक हे निरनिराळे होते, म्हणून तोट्याचा भार एकावर पडला तरी दुसरा सुरक्षित राहिला. तंबूच्या तमाशात फडमालक हाच बहुधा कलावंत आणि तोच आयोजक असतो, आणि त्यामुळे बोर्डावर उभा राहून वगातील राजाची भूमिका करीत असताना समोरच्या रिकाम्या जागा तो ज्या डोळ्यांनी पाहतो, त्याच डोळ्यांनी त्याला उद्याच्या डिझेलचा हिशेबही पाहावा लागतो.

फडांचा हंगाम दसऱ्यास सुरू होतो याला मुहूर्ताइतकेच पिकाचेही कारण आहे. तीर्थपुरीच्या आसपासचा मुलूख पाहिला तर हे स्पष्ट दिसेल. दसरा-दिवाळीला सोयाबीन बाजारात येते आणि कापसाची पहिली वेचणी घरात येते. पुढे जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडणीस येतो, तीर्थपुरीच्या सागर साखर कारखान्याचे बॉयलर पेटते, उसाच्या गाड्यांची रस्त्यावर रीघ लागते, आणि तोडणीसाठी आलेल्या मजुरांच्या कोप्या गावोगाव उभ्या राहतात. मोसंबीच्या बागांचे पैसेही याच परिसराच्या हाती खेळतात. ज्या आठवड्यात कापसाची पट्टी होऊन विक्रीचे पैसे मिळाले किंवा उसाचे बिल खात्यावर पडले, त्या आठवड्यात गावातला तरुण चार मित्रांसह तंबूत जातो. ज्या आठवड्यात बिल लांबले, त्या आठवड्यात तो कनातीबाहेर उभा राहून हलगी ऐकतो आणि घरी परततो. अनुभवी फडमालकाला म्हणून तालुक्याचे पीकपाणी तोंडपाठ असावे लागते: कोणत्या भागात पाऊस उशिरा झाला, कोठे बोंडअळी पडली, कोणत्या कारखान्याने गाळप केव्हा सुरू केले, कोणत्या गावाचा आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो, याचे ज्ञान त्याच्या धंद्याला ढोलकीच्या ज्ञानाइतकेच उपयोगी पडते.

मराठवाड्यावर अवर्षणाची आपत्ती येते तेव्हा हे नाते सर्वांत उघडपणे दिसते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याची दैना इतकी झाली की, वर्षानुवर्षे मुलांप्रमाणे वाढविलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना डोळ्यांदेखत जळताना पाहाव्या लागल्या, जायकवाडीचा जलाशय तळाला गेला, आणि माणसांना पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागले. अशा वर्षी यात्रेची वर्गणी कोण मागणार, आणि तिकीट काढण्यास कोणाचा हात खिशात जाणार? पुढे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा फड दसऱ्यापासून रस्त्यावर होते. ज्या व्यवसायाची सारी देवघेव रोख आणि सुट्या पैशांत चालते, त्याच्या तिकीटबारीवर त्या हिवाळ्यात काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. या दोन्ही वेळी तमाशा आदल्या वर्षाइतकाच चांगला किंवा वाईट होता. बदलली होती ती प्रेक्षकाची शिल्लक.

परंतु पैसा असूनही तिकिटे मंद गतीने खपतात, याचेही एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते तंबूच्या दाराशी उभे राहिले म्हणजे उत्तम प्रकारे शिकता येते. दुपारी फडाची जीप कर्ण्यातून खेळाचे नाव पुकारीत आजूबाजूच्या खेड्यांतून फिरून आलेली असते. सायंकाळी दर्शनी भागावरची रंगीत चित्रे दिव्यांच्या माळांनी उजळतात, बुकिंगची खिडकी उघडते, आणि तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत बघता बघता दोन-तीनशे माणसांचा घोळका जमतो. यांतील बहुतेकांची तिकिटाची तयारी असते. पण खिडकीकडे पाऊल कोणी टाकत नाही. चहाच्या गाड्याजवळ उभा असलेला एकजण आतून बाहेर आलेल्या पोराला विचारतो, “आत कितीक माणूस हाय रं?” तो म्हणतो, “अजून कोन न्हाई.” एवढ्या दोन वाक्यांनी दहा जणांचा बेत पुढे ढकलला जातो. आत कोणी नाही म्हणून बाहेरचा जात नाही, आणि बाहेरचा जात नाही म्हणून आत कोणी नसते. फडाचा व्यवस्थापक हे ओळखून असतो. म्हणून तो आतली हलगी जोराने कडकडवावयास सांगतो, ध्वनिक्षेपकावरून खेळ आता सुरू होत असल्याची घोषणा पुनःपुन्हा करवितो, आणि खेळाच्या आरंभीचा गण मात्र तंबू बऱ्यापैकी भरेपर्यंत लांबवीत राहतो. या लांबवण्याची लोकांना सवय झाली की ते पुढच्या वेळी आणखी उशिरा येतात. आणि उशिरा दार सैल सुटते हे एकदा ठाऊक झाले, की थांबून फुकट पाहणाऱ्यांची एक वेगळी जमात तयार होते.

मोठ्या मैदानांवरील जलशांच्या तिकिटांचेही असेच असते. फरक एवढाच की तेथे घोळका दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२४ रोजी ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीस खुली झाली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोक संगणकावरील रांगेत उभे होते, आणि मिळाले नाही तर जन्मात पुन्हा मिळणार नाही या भयाने ज्याला गाणे फारसे ठाऊक नव्हते तोही त्या रांगेत शिरला. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री हे कार्यक्रम झाले. याच्या उलट, त्याच २०२४ च्या मे महिन्यात ‘द ब्लॅक कीज’ या नामांकित अमेरिकन वाद्यवृंदाने मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांतून आखलेला आपला उत्तर अमेरिकेतील सबंध दौरा रद्द केला आणि लहान जागी गाण्याचा मनोदय प्रकट केला. त्याच महिन्याच्या अखेरीस जेनिफर लोपेझ या प्रख्यात गायिकेचा दौराही रद्द झाला. तिकिटे भराभर संपत आहेत ही बातमी जशी उरलेली तिकिटे विकते, तशी ती संपत नाहीत ही बातमी उरलेली तिकिटे अडवून ठेवते. कारण जागा रिकाम्या राहणार हे कळल्यावर, आज पूर्ण दराने घ्यावे की आठ दिवस थांबून उतरलेल्या दराने घ्यावे, असा प्रश्न ग्राहकाच्या मनात साहजिकच उभा राहतो. मागणीप्रमाणे क्षणोक्षणी दर चढवण्या-उतरवण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिच्यामुळे हे थांबणे कमी न होता वाढलेच आहे. विक्री मंद असणे हे अशा रीतीने पुढच्या मंदीचे कारण बनते, आणि कलावंताच्या गुणांशी त्याचा संबंध हळूहळू सुटत जातो.

गल्ला घसरू लागला की काय करू नये, याचा सर्वांत मोलाचा धडा मात्र आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांनी मिळून ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, आणि त्याची तिकिटे त्या काळाच्या मानाने अतिशय चढ्या दरांची असूनही नाट्यगृहात मुंगीला शिरण्यास वाव राहिला नाही; कारण असा योग सहजी यावयाचा नाही हे प्रत्येकास माहीत होते, आणि केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तल्यामुळे तो पुढे कायमचा हुकला. पण १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीस अशा अपूर्व रात्रीवर वर्षे काढावयाची नव्हती. तिला गावोगावच्या मुक्कामात नित्याच्या तिकिटांवर जगावयाचे होते. भरजरी वस्त्रे, उंची गालिचे, अस्सल अत्तरे आणि निवडक साथीदार यांचा खर्च त्या मंडळीने ऐश्वर्याच्या काळी जो अंगीकारला, तो उत्पन्न खालावल्यावरही कमी केला नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि थोड्या आण्यांत दिसणाऱ्या त्या नव्या नवलाईपुढे महागड्या संगीत नाटकाचे प्रेक्षक पातळ होत गेले. कर्जाचा डोंगर वाढला, मंडळी बंद पडली, आणि १९३५ साली बालगंधर्वांना प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात भूमिका करावी लागली. त्यांचा गळा तेव्हाही तोच होता. महाराष्ट्राच्या त्या लाडक्या गायकाला प्रेक्षकांच्या अप्रीतीपेक्षा खर्चाच्या न हलणाऱ्या आकड्याने अधिक जेरीस आणले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजच्या तंबूच्या तमाशाला या जुन्या संकटाखेरीज काही नवी संकटेही आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, परंतु तो वर्षातील ठराविक दिवसांपुरता. निजणाऱ्यांच्या हक्काचा विचार करता हा नियम न्याय्यच आहे. तथापि ज्या कलेचा प्रेक्षक दिवसभर रानात राबून, जनावरांना वैरण घालून, जेवण आटोपून नऊ वाजता घराबाहेर पडतो, त्या कलेला दहा वाजता थांबण्यास सांगणे म्हणजे बाजार उठण्याच्या वेळी दुकान मांडण्यास सांगणे होय. म्हणून गण, गौळण, बतावणी आणि वग हा रात्रभराचा क्रम दोन-अडीच तासांत कोंबावा लागतो. आणि कापावयाचे काय, असा प्रश्न येतो तेव्हा चित्रपटगीतांच्या रंगबाजीला हात लागत नाही, वग मात्र आखडत जातो. तरुण प्रेक्षक रंगबाजीसाठी येतो हे खरे. परंतु तीच गाणी आणि तीच नृत्ये त्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर फुकट दिसत असताना, केवळ तेवढ्यासाठी तो पुढच्या वर्षी तिकीट काढील, हा भरवसा धरणे धोक्याचे आहे. जे अन्यत्र मिळत नाही तेच विकत घेतले जाते. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा, त्याच दिवशी गावात घडलेल्या गोष्टीवर त्याने जागच्या जागी केलेली टिप्पणी, आणि ढोलकी व हलगी यांची समोरासमोर रंगलेली जुगलबंदी, ही ती वस्तू होय.

या कलेने तिकीट काढून आलेल्या माणसाचा मान किती राखला, हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून कळते. १९३५ साली जन्मलेल्या आणि राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या या थोर कलावतीविषयी असे सांगतात की, दिवस भरले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या, कनातीमागे त्या प्रसूत झाल्या, आणि समोरचा प्रेक्षक खोळंबला आहे म्हणून पुन्हा नाचण्यास सिद्ध झाल्या. प्रेक्षकांस खरी हकीकत समजली तेव्हा त्यांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घेण्याची विनंती केली. २००२ साली त्या गेल्या त्या विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाने राज्य शासन पुढे जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले, आणि तो ज्यांना लाभला त्या तमाशा कलावती कांताबाई सातारकर २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत निवर्तल्या. त्या साथीने तर तिकीटविक्री मंद केली नाही, पूर्णतः थांबविली: मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी गुढीपाडव्याच्या दिवसांत, ज्या दिवसांत राहुट्यांतून वर्षाचे करार व्हावयाचे असतात, आणि पुढचाही चैत्र तसाच गेला. उचल देऊन बसलेल्या फडांनी ती दोन वर्षे कशी काढली असतील, हे वर मांडलेल्या त्रैराशिकावरून समजून घ्यावे.

मग उपाय काय? पहिला उपाय फडमालकांच्या हाती आहे, आणि तो म्हणजे तंबूचे आकारमान प्रेक्षकाच्या खऱ्या संख्येवरून ठरविणे. भरलेला लहान तंबू अर्ध्या रिकाम्या मोठ्या तंबूपेक्षा खर्चाने हलका असतो, त्यातील हशा आणि टाळी एकमेकांना धरून चालतात, आणि ‘तिकीट मिळाले नाही’ अशी एक बोलवा गावोगाव जाऊन जे काम करते ते दहा जीपगाड्यांच्या कर्ण्यांनी होत नाही. दुसरा उपाय वेळेचा: घोषित वेळी खेळ उभा करावा, मग आत पन्नास माणसे असली तरी हरकत नाही, आरंभी नुकसान होईल, पण उशिरा येणाऱ्याचा गण बुडू लागला की तो पुढच्या वेळी लवकर येईल. तिसरा उपाय शासनाचा आहे. पावसाळ्यातील उचलीसाठी वाजवी व्याजाचे कर्ज बँकेकडून मिळण्याची तजवीज झाली, आणि परवान्याची दरखास्त तहसील व पोलीस कचेरीत अडकून न पडता आठ दिवस आधी निकालात निघाली, तर अनुदानाच्या तुटपुंज्या रकमेपेक्षा फडांचे अधिक कल्याण होईल. चौथा उपाय गावाचा: यात्रेची सुपारी ठरल्यावर ठरलेली रक्कम त्याच रात्री पुरी चुकती करावी, आणि पंच, पुढारी व त्यांचे आप्तइष्ट यांनी तिकिटाच्या खेळात फुकट पासाची अपेक्षा धरू नये.

पाचवा उपाय, वाचकांनो, तुमच्या-आमच्या हाती आहे. यंदा कापसाची पट्टी झाल्यावर गोदाकाठच्या एखाद्या गावी तंबू उभा दिसला, तर आत किती माणसे आहेत याची चौकशी करीत बाहेर उभे राहू नका. खिडकीपाशी जा, रांगेत पहिले तिकीट काढा आणि गणाआधी जागेवर बसा. तुमच्यामागून लोक येतील.